दुसऱ्या वहीतली दुरुस्ती

१

पहिली वही खरी होती. बाकीच्या सहा कोऱ्या निघाल्या.

लातुरात गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत मल्लिनाथ स्वामीचं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, कॉलेजचे प्रोजेक्ट, कोर्टाचे अर्ज असलं सगळं तो टाइप करतो. महामायाबाई भद्रे यांनी त्याच्याकडं सात वह्या दिल्या होत्या. दोनशे पानी, खाकी कव्हर घातलेल्या, प्रत्येकीवर चौकोनी लेबल आणि लेबलावर नुसता आकडा. मल्लिनाथनं पहिली वही टाइप केली, तिची प्रुफं तपासून घेतली आणि पंधरा दिवसांनी दुसरी उघडली, तर आत एक अक्षर नव्हतं. तिसरीत नव्हतं, सातवीतही नव्हतं. कव्हर तसंच, लेबल तसंच, आत नुसत्या निळ्या रेघा. कुणीतरी सहा वह्या विकत आणून, त्यांना कव्हरं घालून, लेबलं लावून निवांतपणे अदलाबदल केली होती.

बाई देगलूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर चौतीस वर्षं होत्या. नवरा रविकांत एसटीत कंडक्टर. तो गेल्यावर त्या लातूरला राहायला आल्या आणि लिहायला बसल्या. विषय काय, तर इंग्लंडच्या राजाराण्यांचं घरचं आयुष्य. कुणाचं कुणाशी पटत नव्हतं, कुणी बायकोला राज्याभिषेकाच्या दारातून परत पाठवलं, कोण कुणासाठी जन्मभर रडलं. लोक विचारायचे, बाई, तुमचा न् त्या राण्यांचा काय संबंध? बाईंचं उत्तर ठरलेलं असायचं.

“आमच्या देगलूरवर निजामाचं राज्य. इंग्लंडची राणी आमची कुणीच लागत नव्हती. म्हणून तर तिच्याबद्दल निवांत लिहिता आलं.”

अकरा वर्षं हे निवांत लिहिणं चाललं. आता काचबिंदू इतका पुढं गेलाय की बाईंना समोरच्या माणसाचा चेहरा दिसत नाही, आकार तेवढा दिसतो. सहा वह्या पुन्हा लिहिणं त्यांच्याच्यानं होणार नव्हतं आणि दुसरी प्रत कुठंच नव्हती. तक्रार द्यायला गेल्या तर, कोऱ्या वह्या जागच्या जागी आहेत म्हणता, मग गेलं काय, असं त्यांनाच विचारलं गेलं.

तीन महिने असेच गेले. मग नांदेडहून बाईंच्या बहिणीनं, सिंधुताईंनी, तिकडच्या एका पेपरच्या रविवार पुरवणीतली दहा कात्रणं पाठवली. सदराचं नाव ‘राजघर’, लेखकाचं नाव ‘एक वाचक’. पहिल्याच लेखात अठरा वर्षांची व्हिक्टोरिया राणी होते आणि सगळ्यांत आधी काय मागते, तर एक तास मला एकटीला बसू द्या.

ती कात्रणं घेऊन बाई माझ्या घरी आल्या. रिक्षावाल्यानं हात धरून पायरी चढवली.

“आनंदराजभाऊ,” त्या म्हणाल्या, “माझी दुसरी वही सापडली. पेपरात छापून येऊन राहिली.”

२

मी आनंदराज सोनकांबळे, निवृत्त मंडळ अधिकारी. आधी तलाठी होतो. तीस वर्षं वारस नोंदी केल्या. माणूस गेला की त्याच्या मागं कोण, कुणाचा हक्क किती, कोण कुणाचा कोण, हे चावडीवर बसून ठरवायचं. त्यामुळं लोक अजूनही भानगडी माझ्याकडं आणतात, आणि मलाही त्याशिवाय करमत नाही. बाईंचा विषय मला पहिल्यापासून पसंत होता तो ह्याचमुळं. राज्याभिषेक म्हणजे वारसाच्या नावचा फेरफार मंजूर होणं. आठव्या एडवर्डनं सिंपसनबाईपायी गादी सोडली ते सरळसरळ हक्कसोडपत्र. असली हक्कसोडपत्रं मी पोत्यानं पाहिलीत, फरक इतकाच की आपल्याकडं ती बहिणींकडून लिहून घेतात.

मंगळवारी आणि बुधवारी दुपारी मी ते दहा लेख बाईंना मोठ्यानं वाचून दाखवले. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. “हे माझं.” “हे माझं, वाक्य फिरवलंय.” “इथं मी राणीच्या आईला जास्त बोलले होते.” असं चाललं होतं. तिसऱ्या लेखात त्यांनी हात वर केला.

“परत वाचा.”

मी वाचलं. ‘राजपुत्र अल्बर्टने आपल्या मामाच्या मुलीशी, म्हणजे व्हिक्टोरियाशी, विवाह केला.’

“हे माझं न्हाई. मी आत्याची मुलगी लिहिलं होतं.”

मी सवयीनं कागद ओढून वंशावळ मांडली. जर्मनीतलं कोबर्गचं घराणं. तिथली लेक इंग्लंडला दिली, तिची मुलगी व्हिक्टोरिया. त्या लेकीचा भाऊ माहेरीच राहिला, त्याचा मुलगा अल्बर्ट. म्हणजे व्हिक्टोरिया ही अल्बर्टच्या आत्याचीच मुलगी. बाईंचं बरोबर होतं.

“आमच्या देगलूरकडं मामाची करतात, आत्याची करतात, सख्ख्या मामालाबी भाची देतात,” बाई म्हणाल्या. “इकडं मुरुड-रेणापूरच्या लई घरांत नुसती मामाचीच चालते. आपली लेक दिली त्या घरातून उलटी मुलगी आणायची न्हाई म्हणतात. ज्यानं हे बदललं त्याला वाटलं असंल, बाईच्या हातून चूक झाली.”

चोरानं बाईंची भाषा बदलली होती ती लपण्यासाठी. पण ही एक गोष्ट त्यानं लपण्यासाठी बदलली नव्हती. त्याला ती खटकली होती. मी त्या वाक्याखाली रेघ मारली.

दहावा लेख गेल्याच रविवारचा होता. व्हिक्टोरियानं तेराव्या वर्षापासून मरेपर्यंत रोजनिशी लिहिली. ती गेल्यावर धाकटी लेक बीट्रिस हिनं ती रोजनिशी स्वतःच्या हातानं उतरवून काढली, आपल्याला नको वाटलं ते गाळलं, आणि उतरवून झाली तसतशी आईची मूळ पानं जाळली. बाईंनी वहीत बीट्रिसला चांगलं फैलावर घेतलं होतं. लेखात मात्र छापलं होतं : ‘स्वच्छ प्रत तयार झाल्यावर कच्चे लेखन राखून काय साधते?’

मी वाचायचं थांबलो. बाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

“इथं माझी तिसरी वही संपते,” त्या म्हणाल्या. “त्या वहीत राणीचं रंडकेपण हाय, भाऊ. तिच्यासंगं मीबी हाय थोडी. हे गेल्यावरचं माझं सगळं त्यात लिहिलंय, दुसरीकडं कुठंच न्हाई. ह्या माणसानं ती वही ठिवली असंल का?”

दर रविवारी तो पुढं सरकत होता, आणि त्याच्या मागं बाईंची पानं राहत होती की नाही हे त्यालाच माहीत.

३

वह्या दुकानात आहेत हे तिघांना माहीत होतं. एक मल्लिनाथ. दुसरे दयानंदराव, मुरुडचे, नांदेडच्या पेपरात सदतीस वर्षं मुद्रितशोधक होते, आता लातूर-मुरुड येऊन-जाऊन दुकानदुकानांची प्रुफं तपासतात. तिसरे प्राध्यापक शेषेराव, मूळ रेणापूरचे, नांदेडच्या कॉलेजात इतिहास शिकवून तिथंच बंगला बांधलेले. ते पुस्तकाला प्रस्तावना देणार होते.

गुरुवारी मी मल्लिनाथकडं गेलो. काळजीनं पोरगा अर्धा झाला होता.

“माझ्या कपाटातून गेलं म्हणून सगळे माझ्याकडंच बगून राहिले, साहेब. बाईंनी एक शब्द बोलला न्हाई, त्याचंच जास्त लागून राहिलं.”

“कपाटाला कुलूप?”

“कशाला? वह्या कोण चोरतंय?”

“दुसरी वही आधी उघडून चाळली होती का? सहज?”

“न्हाई. एक संपल्याबिगर दुसऱ्याला हात लावायचा न्हाई, माझी पद्धतच हाय तशी.”

मग मी घरचं विचारलं. वारस नोंदीत एक शिकलो होतो, माणसाला गुन्ह्याबद्दल विचारलं की तो आवळून बसतो, सोयरिकीबद्दल विचारलं की मोकळा होतो.

“बायको कुठली?”

“निलंग्याची. सख्ख्या आत्याची पोरगी.” तो पहिल्यांदा हसला. “आमच्यात हायच ते. आत्याची सासू झाली, पण रागवायची अजून आत्यासारखीच.”

ज्यानं स्वतः आत्याची मुलगी केली, तो ‘आत्या’ खोडून ‘मामा’ कशाला करील? मल्लिनाथवरचा माझा संशय तिथंच फिटला.

“दयानंदराव कसे वाटतात?”

“देवमाणूस. वही आणि प्रूफ शेजारी ठिवून एकेक अक्षर बगतात. पहिली वही वाचून मला म्हणले, ही बाई लई मोठं काम करून राहिली. आणि ते प्राध्यापक साहेब एकदा गाडी घेऊन आलते. अर्धा तास बसले. मी चहा सांगायला खाली उतरलो तवा दुकानात एकटेच होते.”

लेख नांदेडच्या पेपरात आणि प्राध्यापक नांदेडचे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नांदेडची गाडी धरली. मुरुड लातूरपासून तासाभराच्या आत आहे. आधी तिकडं गेलो असतो तर काय झालं असतं, याचा विचार मी अजून करतो.

४

शेषेरावांनी मला हॉलमध्ये बसवलं आणि स्वतःबद्दल चाळीस मिनिटं सांगितलं. मग मी वह्यांचं काढलं.

“फार दुःखद. मी त्या उघडल्याही नव्हत्या हो.”

“पण प्रस्तावना?”

“ती तयार आहे.” त्यांनी टेबलावरचे सहा टाइप केलेले कागद पुढं केले. ‘लेखिकेने हा विषय अत्यंत सखोलपणे हाताळला आहे’ असं पहिलंच वाक्य होतं.

“न वाचता लिहिली?”

“आनंदराजजी, प्राथमिक शिक्षिकेचं पुस्तक. अशा पुस्तकांना प्रोत्साहन द्यायचं असतं, वाचायचं नसतं.”

मला त्यांचा राग आला आणि त्याच वेळी ते सुटताना दिसायला लागले. तरी मी विचारलं, की अल्बर्टला व्हिक्टोरिया नात्यानं कोण?

“आत्याची मुलगी,” ते क्षणात म्हणाले. “लिओपोल्ड हा तिचा मामा आणि त्याचा काका. त्यानंच ते स्थळ जमवलं. वीस वर्षं शिकवलंय मी.”

गर्विष्ठ होता, पण त्याला हे पाठ होतं. आणि एवढं पाठ असलेला माणूस ते छापताना चुकवणार नाही.

तिथून मी पेपरच्या कचेरीत गेलो. पुरवणी बघणारी आरती नावाची मुलगी होती, तिशीतली, सरळ बोलणारी.

“लेखक कोण हे खरंच माहीत नाही, काका. पोस्टानं येतं. मानधन नको, नाव नको म्हणतात. पण असं हस्तलिखित मी बघितलं नाही. एक खाडाखोड नाही, एक वेलांटी चुकत नाही. आजकाल न्यूजप्रिंटच्या कागदावर कोण लिहितं? हे लिहितात.”

“न्यूजप्रिंट म्हणजे?”

“पेपर छापायचा कागद. आधी उरलेल्या रिळाचे कागद कापून कचेरीत सगळ्यांना लिहायला द्यायचे म्हणे. आता कॉम्प्युटर आले, ते बंद झालं.”

परतीच्या गाडीत अहमदपूर येईपर्यंत ते माझ्या डोक्यात नीट बसलं नव्हतं. बसलं तेव्हा मी कंडक्टरला विचारलं, मुरुडला पहिली गाडी सकाळी किती वाजता.

५

शनिवारी साडेनऊला मी दयानंदरावांच्या अंगणात उभा होतो. नीटनेटकं घर, सारवलेलं अंगण, कोपऱ्यात पाणी तापवायचा बंब. दयानंदराव ओसरीवर बसून कुणाची तरी लग्नपत्रिका लाल पेननं तपासत होते. मांडीवर पाटी, पाटीवर मळकट पांढऱ्या, खरबरीत कागदांची थप्पी. एका मापाचे कापलेले.

“या साहेब. चहा टाकायला लावतो.”

“बसू द्या आधी. बाईंच्या वह्यांचं विचारायचं होतं.”

“लई वाईट झालं,” ते म्हणाले. त्यांचा आवाज खरंच पडला. “मी पहिलीच बगितली. दुसरी माझ्यापर्यंत आलीच न्हाई.”

“तुम्ही ते राजघर सदर वाचता?”

“वाचतो की.”

“बाई म्हणतात ते त्यांच्या वह्यांतून उचललंय. मला पटत नाही. त्यात एक ढोबळ चूक आहे. बाई तसली चूक करणार नाहीत, म्हणजे लिहिणारा दुसराच कुणी अडाणी माणूस असणार.”

अडाणी हा शब्द मी मुद्दाम वापरला होता. दयानंदरावांनी पेनाला टोपण लावलं.

“कोणती चूक?”

“अल्बर्टनं मामाची मुलगी केली असं लिहिलंय.”

“मग त्यात चूक काय? चूक लेखात न्हाई साहेब, चूक बाईंची. त्यांनी आत्याची लिवलं होतं. आता मला सांगा, आत्याची कोण करतंय? लेक दिलेल्या घरातून पोरगी उलटी आणतात का? शिकवणाऱ्या बाईनं असं लिवावं? लिवणाऱ्यानं ते दुरुस्त केलं, चांगलंच केलं.”

ते तावातावानं बोलत होते. सदतीस वर्षं दुसऱ्याच्या चुका काढलेल्या माणसाला, आपली दुरुस्ती चूक ठरते हे सहन होत नव्हतं. मी त्यांना बोलू दिलं.

“बाईंनी हे कुठं लिहिलं होतं?”

“राणीच्या लग्नात.”

“कितव्या वहीत?”

त्यांनी पेन खाली ठेवला.

“दुसरी वही कोरी होती, दयानंदराव,” मी म्हणालो. “मल्लिनाथनं खरी दुसरी वही कधी उघडलीच नाही. प्राध्यापकांनी एकही वाचली नाही. बाईंनी ही गोष्ट फक्त मला सांगितली, आणि पेपरात तर उलट छापलंय. मग बाईंनी आत्याची लिहिलं होतं, हे तुम्ही वाचलं कुठं?”

६

ते उठले नाहीत, पळाले नाहीत, नाकबूलही झाले नाहीत. मांडीवरच्या कागदांच्या कडा जुळवत राहिले.

“पहिली वही वाचली तवा वाटलं, हे आपण लिवायला पायजे होतं,” ते म्हणाले. “सदतीस वर्षं, साहेब. आमदारांची भाषणं, प्राध्यापकांचे लेख, कवींच्या कविता. सगळ्यांचं मीच नीट केलं. नाव त्यांचं. मी निवृत्त झालो त्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या, त्यातबी माझं गाव चुकलं होतं. बाईंचं लेखन लई चांगलं, पण कच्चं होतं. मदीच स्वतःचं काहीतरी. मी ते साफ करून राहिलो होतो.”

“दुसऱ्याच्या वह्या चोरून?”

“ते चुकलं.”

“वह्या कुठं आहेत?”

ते आत गेले आणि धुतलेल्या टॉवेलात गुंडाळलेलं गाठोडं घेऊन आले. मी लेबलं बघितली. चार, पाच, सहा, सात.

“दोन आणि तीन?”

त्यांनी बंबाकडं बघितलं.

“उतरवून झालं की जाळायचो,” ते म्हणाले. “दोन प्रती राहिल्या तर खरी कोणची, हा सवाल राहतो. राणीच्या लेकीनंबी तेच केलं.”

“तिसरी कधी?”

“काल दुपारी.”

काल दुपारी मी शेषेरावांच्या हॉलमध्ये बसून त्यांची प्रस्तावना वाचत होतो. मी आयुष्यात पुष्कळ वारसांना उशिरा न्याय दिला असेल, पण एका दिवसाचा उशीर असा अंगावर कधी आला नव्हता. मी दयानंदरावांना गाडीत घातलं आणि लातूरला आणलं. ते शेजारी बसले होते आणि चार वह्या माझ्या मांडीवर होत्या.

७

बाईंनी चार वह्या हातानं चाचपल्या. लेबलांवरून बोट फिरवलं, जणू आकडा बोटाला कळतो. मग तिसरीचं विचारलं. मी सांगितलं. दुसरीचंही सांगितलं.

त्यांनी पदरानं डोळे पुसले, लपवलं नाही. मी म्हणालो, बाई, आत्ताच्या आत्ता तक्रार देऊ, कबुली आहे, वह्या आहेत.

बाईंनी माझ्याकडं नाही, दारात उभ्या असलेल्या आकाराकडं तोंड केलं.

“दयानंदराव, तिसरी वही पुरी वाचली होती का?”

“दोनदा. आणि एकदा उतरवली.”

“आठवते?”

“हाव. मला एकदा तपासलेलं विसरत न्हाई, बाई. तोच तर धंदा माझा.”

“मग तक्रार द्यायची न्हाई, भाऊ,” बाई मला म्हणाल्या. “मला अर्धं आठवतं, ह्यांना पुरं आठवतं. जगात ती वही आता ह्यांच्याच डोक्यात हाय. ह्यांना आत टाकलं तर ती संगं आत जाईल.”

मला ते पटलं नाही. माझ्या मनात अजूनही त्या माणसाबद्दल राग आहे, आणि असला पाहिजे असंच मला वाटतं. पण वही बाईंची होती, हक्क बाईंचा होता, आणि कुणी हक्क कसा वापरावा हे मंडळ अधिकाऱ्यानं सांगायचं नसतं. सदर बंद झालं. पुरवणीत दोन ओळींचा खुलासा आला, की राजघरमधला मजकूर श्रीमती महामाया भद्रे यांच्या अप्रकाशित पुस्तकातला होता. तो खुलासा दयानंदरावांनी स्वतः लिहून पाठवला, स्वतःच्या नावानं.

सोमवारपासून ते रोज दुपारी दोनला मुरुडहून येतात. बाईंची अट एकच, मी सांगते तसं लिहायचं, एक शब्द सुधारायचा नाही. जिथं बाई अडतात तिथं त्यांनी पुढचं वाक्य सांगायचं. मी पहिले दोन महिने राखण करायला म्हणून तिथं बसलो होतो. दुसरी वही लौकर झाली. तिसरीला वेळ लागत होता.

एका शुक्रवारी राणीचं वैधव्य चाललं होतं. बाई सांगत होत्या, की अल्बर्ट गेल्यावर वर्षानुवर्षं व्हिक्टोरिया त्याच्या खोलीत रोज गरम पाणी ठेवायला लावायची, त्याचे कपडे काढून ठेवायला लावायची. दयानंदराव लिहीत होते. परिच्छेद संपला, बाई पुढच्या गोष्टीकडं वळल्या, आणि दयानंदरावांचा पेन थांबला.

“बाई, वहीत इथं अजून हाय.”

“काय हाय?”

त्यांनी खाली बघून म्हटलं, “राणीनं चाळीस वर्षं सांभाळलं. मी ह्यांची खाकी पुण्यानुमोदनाच्या विधीआधीच एका गरीब कंडक्टरला देऊन टाकली. नंतर तो देगलूरच्या गाडीवर दिसला की मी चढायची न्हाई. दुसऱ्या गाडीची वाट बगत उभी राहायची.”

बाईंचा हात चौथ्या वहीवर होता, तो तिथंच राहिला.

“हे मी लिहिलं होतं?”

“हाव.”

“मला आठवतच नव्हतं,” बाई म्हणाल्या. “पेपरात का न्हाई आलं?”

“मी गाळलं. राणीच्या लेखात कंडक्टर कशाला, असं वाटलं मला.”

बाईंनी मान हलवली. खिडकीतल्या उजेडाकडं तोंड केलं. मग म्हणाल्या, “परत एकदा म्हणा.”

दयानंदरावांनी ते पुन्हा म्हटलं, हळू, एकेक शब्द, आणि ह्या वेळी म्हणता म्हणता लिहूनही घेतलं.